सत्तावीस नंबरचा गाऊन

सोमवारची सकाळ आमच्या घरी कधीच नीट उजाडत नाही. त्या दिवशी नवऱ्याचा एक मोजा सापडला होता आणि दुसरा फरार होता. नळाला करंगळीएवढं पाणी येत होतं. मी ओट्याशी उभी राहून एक डोळा दुधावर आणि एक डोळा वहीवर ठेवून होते. वही म्हणजे लांबघराचा इतिहास. गेले आठ महिने तो माझ्या स्वयंपाकघरातच लिहिला जात होता आणि त्याच्या निम्म्या पानांवर तेलाची बोटं उमटली होती.

"अगं, तुझा इतिहास उतू चाललाय!" नवरा आतल्या खोलीतून ओरडला.

जळक्या दुधाचा वास त्याला माझ्याआधी लागला होता. मी गॅस बंद केला, फडकं शोधलं, आणि तेवढ्यात दार वाजलं.

बेल नाही, दार. तीन ठोके, तेही कडीच्या बरेच खाली. असं दार एकच माणूस वाजवतं. टाकेमावशींना बेलचं बटण दिसत नाही. त्या चौकटीवरून हात फिरवत येतात आणि लाकूड लागलं की बोटाच्या पेराने ठोकतात.

पण टाकेमावशी शनिवारच्या. दर शनिवारी दुपारी त्या दहा सुया एका फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचून आणायच्या आणि मी त्या दहाही ओवून द्यायची. त्या सुया त्यांना आठवडाभर पुरायच्या. लांबघरात त्यांनी बेचाळीस वर्षं कपड्यांची खोली सांभाळली. धुणं, इस्त्री, रफू, बटणं, सगळं. काचबिंदूने नजर नेली तरी उशांचे अभ्रे अजून त्यांच्याकडेच जातात. त्या म्हणतात, "डोळे रिटायर झाले गं. बोटांना अजून पत्र आलं नाही."

"मावशी, आज सोमवार," मी दार उघडून म्हटलं.

"वार मला कळतात. आंधळी झालेय, खुळी नाही." त्यांच्या काखेत एक कापडी पिशवी होती. सुया नव्हत्या. "तो गेला का कामावर?"

"एका मोज्यावर अडलाय."

"मग मी थांबते. मला तू एकटी हवीस."

त्यांना मी खुर्चीवर बसवलं, चहा पुढे ठेवला. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. नवरा वेगवेगळ्या रंगांचे दोन मोजे घालून बाहेर पडेपर्यंत त्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. मी शेगडीवरचं जळकं दूध खरवडत होते, पण माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं. ती बोटं कधी रिकामी नसतात. आज ती पिशवीचा काठ चाचपत होती, जणू त्याची शिवण कुठे सुरू होते ते शोधत होती.

इथे मला लांबघराबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला चर्चची जी मोठी जागा आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी दोन खोल्या होत्या. एका मिशन हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी चाळीस वर्षं लोकांची आजारपणं काढली आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी हॉस्पिटलने राहती खोली परत मागितली. चर्चने त्यांना या दोन खोल्या दिल्या. त्यांनी महिन्याभरात आपल्यासारख्याच आणखी दोघींना आणलं. एक शाळेत शिकवायची, एक परक्यांची मुलं सांभाळायची. तिघींत एक चूल, एक कंदील आणि एक छत्री. छत्रीचं भांडण तिथल्या नोंदींच्या पहिल्याच वहीत लिहिलेलं आहे. पुढे देणग्या आल्या, बारा खाटांची एक लांबच लांब खोली झाली, आणि लोक सगळ्या जागेलाच लांबघर म्हणू लागले. मग पुरुषांचा विभाग, दवाखाना, मागे स्वतःची दफनभूमी. आता तिथे दोन उंच इमारती आहेत, लिफ्ट आहे, व्यायामाची खोली आहे, आणि दारावर 'ज्येष्ठांची वसाहत' अशी पाटी आहे. माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षं तिथेच होत्या. त्या हट्टाने गेल्या आणि सुखाने राहिल्या. म्हणूनच टाकेमावशी मला सूनबाई म्हणतात. लांबघराच्या सगळ्या सुना त्यांच्या सूनबाई.

शंभराव्या वर्षाचं पुस्तक लिहायचं काम समितीने मला दिलं. त्यामागचं कारण सचिवांनी फार मोकळेपणाने सांगितलं होतं. "तुम्ही पदवीधर आहात आणि घरीच असता ना!" घरीच असणाऱ्या बाईला किती वेळ असतो याबद्दल त्यांची काही समजूत असावी. मी हो म्हटलं, कारण सासूबाईंचं ऋण होतं.

पुस्तकात मी कपड्यांच्या नंबरांवर एक अख्खं पान लिहिलं होतं. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जायचे, म्हणून प्रत्येक कपड्याच्या गळ्याला आतून लाल दोऱ्याने खूण शिवायची ही तिथली पद्धत. आधी नावं शिवत. माणसं साठावर गेल्यावर नावं शिवून होईनात, तेव्हा नंबर आले. नव्या माणसाला नंबर सोमवारी मिळायचा. त्याआधी त्याला कपड्यांच्या खोलीतून काही द्यायचं नाही. एकाचा कपडा दुसऱ्याला कधीच द्यायचा नाही. माणूस वारलं तर आधी नंबर उसवायचा, मगच कपडा कपाटात टाकायचा. नर्सबाई म्हणायच्या, नंबर कापडाचा असतो, माणसाचा नाही. सासूबाईंचे कपडे घरी परत आले तेव्हा एकशे चौदा उसवलेला होता. सुईची भोकं मात्र मला बोटाला लागली होती.

आणि पुस्तकातलं सगळ्यांचं आवडतं प्रकरण म्हणजे पेटीवाल्या बाईंचं मरण.

बेचाळीस वर्षांपूर्वी तापाची साथ आली. प्रार्थनेला पेटी वाजवणाऱ्या बाई हॉस्पिटलात गेल्या. आठवड्याने निरोप आला, सत्तावीस नंबर गेली. सत्तावीस म्हणजे पेटीवाल्या बाई. त्या साथीत प्रेत कापडात शिवूनच यायचं आणि उघडायला मनाई असायची. पाद्रींनी प्रार्थना केली, माती दिली, लाकडी क्रूस रोवला. तीन आठवड्यांनी पेटीवाल्या बाई केस कापलेल्या, काठी झालेल्या अशा स्वतःच्या पायांनी जेवणाच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत कोण बसलंय?" दोघीजणी बेशुद्ध पडल्या. हॉस्पिटलने चिठ्ठ्यांचा घोळ घातला, असं सगळ्यांनी ठरवलं. क्रूसावरचं नाव काढलं, नंतर तिथे कोरा दगड बसवला. पेटीवाल्या बाई पुढे अकरा वर्षं जगल्या आणि दर रविवारी त्या कोऱ्या दगडावर फूल ठेवत राहिल्या. म्हणायच्या, "देवाने मला परत पाठवलं. म्हणाला, तू फार बेसूर वाजवतेस, वरती नको."

हे प्रकरण मी आदल्याच दिवशी, रविवारी, लांबघराच्या दिवाणखान्यात वाचून दाखवलं होतं. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खुर्चीच्या वाक्याला मी जरा थांबले होते. टाळ्या कुठे पडतील याचा अंदाज मला होता, खोटं कशाला सांगू? टाकेमावशी मागच्या रांगेत होत्या. त्या हसल्या की नाही ते मी पाहिलं नव्हतं.

"काल छान वाचलंस," नवरा गेल्यावर त्या म्हणाल्या. "आवाज चांगला आहे तुझा."

"आवडलं ना?"

"नाही."

मी फडकं खाली ठेवलं.

"त्या थडग्यात कोण आहे ते मला माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

बाहेर नळाखालची बादली भरून वाहायला लागली होती. मला ते ऐकू येत होतं, पण उठवेना.

त्यांनी सगळं सांगितलं ते अगदी कोरड्या आवाजात, एखाद्या कपड्याला किती बटणं लागली ते सांगावं तसं.

तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याने टाकलेलं, माहेरी भावजयीचं राज्य. लांबघरात काम लागून चारच महिने झाले होते. कपड्यांच्या खोलीतच एक खाट मिळाली होती आणि दाराला आतून कडी होती. "आतून कडी असलेली ती माझी आयुष्यातली पहिली खोली," त्या म्हणाल्या. "तुला नाही कळायचं."

त्या साथीच्या दिवसांत एक बाई लांबघरात आली. साठीची, अबोल. तिची लेक तिला दारात सोडून गेली होती. लेकीच्या घरी तान्हं मूल होतं, एकच खोली होती आणि जावयाशी रोजची कटकट होती. "चार दिवस राहा, मग नेते," असं लेक म्हणाली होती. म्हणून कोणी काही विचारलं की ही बाई सांगायची, मी चार दिवसांची पाहुणी. तेच तिचं नाव पडलं. पाहुणी. आली गुरुवारी. नंबर मिळायचा सोमवारी.

"शुक्रवारी तिला हुडहुडी भरली," मावशी सांगत होत्या. "दोन कपडे होते तिचे. एक अंगावर, घामाने ओला. दुसरा माझ्याकडेच दोरीवर, तोही ओला. दारात येऊन उभी राहिली. मागितलं काहीच नाही तिने. नुसती थडथडत होती, दात वाजत होते. नंबर नव्हता, त्यामुळे मला काही देता येत नव्हतं. आणि समोर फळीवर इस्त्री केलेला गाऊन. सत्तावीस नंबरचा. पेटीवाल्या बाई दोन दिवसांपूर्वीच हॉस्पिटलात गेलेल्या. मी म्हटलं, त्या येईपर्यंत धुऊन परत ठेवीन. कोणाला कळतंय?"

"तुम्ही चांगलंच केलंत, मावशी."

"थांब. अजून चांगलं पुढे आहे."

शनिवारी सकाळी हॉस्पिटलची गाडी दुसऱ्याच दोघी आजारी बायकांना न्यायला आली. पाहुणीला भ्रम झाला होता, तिलाही गाडीत घातलं. तिच्या अंगावर तोच गाऊन. मोठ्या बाई, म्हणजे तेव्हाच्या अधीक्षक, स्वतःच तापाने अंथरुणात होत्या. नोंद ठेवणारा कारकून आलाच नव्हता, आणि तापाच्या भीतीने बाकीच्या दारं लावून आत होत्या. मावशींनी खिडकीतून गाडी जाताना पाहिली. सोमवारी नंबर द्यायला नाव पुकारलं तेव्हा खाट रिकामी. कोणीतरी म्हणालं, रोज जाते जाते म्हणत होती, गेली असेल. वहीत लिहिलं गेलं, निघून गेली.

"तेव्हा का नाही बोललात?"

"गाडीत गेली म्हटलं असतं, तर कोणी तरी विचारलं असतं, अंगावर काय होतं." मावशींनी पिशवीचा काठ घट्ट धरला. "मला वाटलं, बरी होऊन येईल. गाऊन मी धुऊन ठेवीन. एवढंच वाटलं. माणसाचा विचारच नाही आला. गाऊनचा आला."

मंगळवारी निरोप आला की सत्तावीस नंबर गेली. लांबघराच्या बायकांची यादी हॉस्पिटलकडे नंबराने जायची. त्यांनी गळ्याचा लाल दोरा पाहिला, यादी पाहिली, नाव लिहिलं. पेटीवाल्या बाईंना तोवर गर्दीमुळे एका शाळेत उघडलेल्या वॉर्डात हलवलं होतं, हॉस्पिटलच्या कपड्यांत. "नंबर कापडाचा, माणसाचा नाही, असं आम्ही रोज म्हणायचो," मावशी म्हणाल्या. "पण वेळ आली तेव्हा सगळ्यांनी कापडावरच विश्वास ठेवला. दफनाला सगळ्या पेटीवाल्या बाईंसाठी रडत होत्या. मी एकटी मनात मोजत होते. दोघींतली कुठली असेल? तीन आठवड्यांनी पेटीवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या. सगळे हसले, रडले. मला आता मोजायला काही उरलं नव्हतं."

मोठ्या बाई बऱ्या झाल्यावर त्यांनी सगळ्या कामवाल्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीला विचारलं, सत्तावीसचा कपडा कोणाला दिला होता का?

"मी म्हटलं, नाही." मावशींनी पहिल्यांदा चहाच्या पेल्याला हात लावला. तो गार झाला होता. त्यांनी तो परत सरकवला. "एकच शब्द. त्या पुढच्या बाईकडे वळल्या. एवढं सोपं असतं ते."

मी उठून नळ बंद करून आले. हे मला ऐकायचं नव्हतं, हे मी कबूल करते. माझं प्रकरण चांगलं जमलं होतं.

परत आले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक शाल काढून टेबलावर ठेवली होती. हाताने विणलेली, करड्या लोकरीची. घडीवर घडी बसून कापलेल्या पावासारख्या सरळ कडा झालेल्या. त्यात कडुलिंबाचा पाला होता. कसर लागलेली नव्हती.

"ही तिच्या लेकीने दिली."

"लेक आली होती?"

"तीनदा." त्यांनी तीन बोटं वर केली आणि तशीच ठेवली. "पहिल्यांदा दोन महिन्यांनी. नवऱ्याने आधी येऊ दिलं नाही म्हणाली. कडेवर पोर. कारकुनाने वही उघडली, वाचलं, 'निघून गेली'. ती म्हणाली, कुठे? तो म्हणाला, ते लिहिलेलं नाही. मी धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन तिथेच उभी होते. तिच्या पोराने माझी चादर धरून ओढली. मी सोडवून घेतली."

"आणि मग?"

"दुसऱ्या वर्षी परत. तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी एकटी आली. ऑफिसात गेलीच नाही, सरळ कपड्यांच्या खोलीत माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, माझी आई रागावून गेली. मी तिला टाकली असं तिला वाटलं. कधी परत आली तर ही शाल द्या आणि सांगा, मी चौथ्याच दिवशी येणार होते." मावशींनी शालीची कड सरळ केली. "मी म्हटलं, ठेवते."

"नाव...?"

"लेकीने तिन्ही वेळा उच्चारलं ना माझ्यासमोर. आईचं पूर्ण नाव. मी विसरेन होय?" आणि त्यांनी ते सांगितलं. साधं, चारचौघींसारखं नाव. ते मी इथे लिहीत नाही. ते आधी जिथे लिहिलं जायला हवं तिथे लिहिलं जाऊ दे.

कारण त्या बुधवारी समितीची बैठक होती. मागची दफनभूमी हलवून तिथे तिसरी इमारत उभी राहायची होती. अवशेष चर्चच्या मोठ्या दफनभूमीत जाणार होते, आणि रस्त्याच्या बाजूला एक लांब भिंत बांधून तिच्यावर सगळ्यांची नावं कोरायची होती. यादी मीच दगड वाचून, वह्या ताडून तयार केली होती. एकशे नव्याण्णव नावं. कोऱ्या दगडापुढे मी 'नाव उपलब्ध नाही' असं लिहिलं होतं आणि सचिवांनी त्यावर पेन्सिलीने रेघ मारली होती. भिंतीवर ते बरं दिसणार नाही म्हणाले. बुधवारी यादी पक्की झाली की गवंडी अक्षरं कोरायला घेणार होता.

त्याच बैठकीत आणखी एक विषय होता. नव्या इमारतीत तळमजल्यावर तीन खोल्या जुन्या कामगारांसाठी ठेवल्या होत्या. मावशींना त्याबद्दल आलेलं पत्र मीच त्यांना महिन्यापूर्वी वाचून दाखवलं होतं. 'ज्यांची सेवा निष्कलंक आहे अशा निवृत्त सेवकांस.' त्यांनी मला तो शब्द दोनदा वाचायला लावला होता. मला तेव्हा वाटलं, बाई खूश झाल्या.

"मावशी," मी म्हटलं, "किल्ली हातात पडू दे आधी. मग आपण सांगू. एक महिन्याचा तर प्रश्न आहे."

"महिन्यात भिंत होईल."

"नंतर एक नाव वाढवता येईल की."

"कोरलेल्या भिंतीत? एकशे नव्याण्णव नावं नीट मापात बसवल्यावर?" त्या हसल्या, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "मीही बेचाळीस वर्षं असंच म्हणत आले. मोठ्या बाई बऱ्या होऊ देत. मोठ्या बाई निवृत्त होऊ देत. पेटीवाल्या बाई जाऊ देत, उगाच त्यांना वाईट वाटेल. मग म्हटलं, आता कोणाला आठवतंय. काल तू वाचलंस आणि सगळे हसले, तेव्हा कळलं की सगळ्यांना सगळं आठवतंय. फक्त ती सोडून."

मला शरम वाटली, आणि शरम वाटली की माणूस हुशारी करायला जातो तशी मी केली. म्हटलं, "मग मी सांगते समितीला. जुन्या कागदपत्रांवरून कळलं म्हणते. एका कामवाल्या बाईने दयेपोटी दुसरीचा गाऊन दिला होता, एवढंच लिहिते. तुमचं नाव कशाला यायला हवं?"

"म्हणजे माझा नंबर उसवून देतेस?"

मी फडकं उचलून उगाच ओटा पुसला.

"लिहिणारीची जात तुमची," मावशी म्हणाल्या. रागाने नाही, आपल्या माणसाला टोचावं तसं. "दयेपोटी म्हणे. दया शुक्रवारी होती, एक दिवस. उरलेल्या बेचाळीस वर्षांना काय म्हणणार आहेस ते लिही."

"तुमची खोली जाईल, मावशी. सचिव कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. कुठे जाणार तुम्ही? भावजय?"

"भावजय कधीच वर गेली. तिथे राज्य करत असेल." खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, शालीच्या एका कोपऱ्यावर पडलं होतं. त्यांना ते दिसत नव्हतं, पण हात आपोआप तिथे गेला. ऊब लागली असावी. "भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. रात्रभर दाराच्या कडीला हात लावून बघत होते. या वयात दार गेलं तर परत कुठलं मिळणार? पण सूनबाई, तिची लेक आज असली तर सत्तरीची असेल. आई रागावून गेली, हेच उराशी धरून बसली असेल. नसली जिवंत, तर तेच घेऊन गेली असेल. भिंत रस्त्याला लागून आहे ना?"

"हो. फाटकाच्या शेजारी."

"मग कोणी ना कोणी येता-जाता वाचेल. लेक नाही तर ते पोर. ज्याच्या हातातून मी चादर सोडवून घेतली ते."

मी वही पुढे ओढली. पेटीवाल्या बाईंचं प्रकरण उघडलं. खुर्चीचं वाक्य अजून तिथेच होतं, चांगल्या अक्षरात. मी ते खोडलं नाही. ते खरंच घडलं होतं. त्याच्या खाली कोरी जागा होती, त्या जागेत मी ते साधं, चारचौघींसारखं नाव लिहिलं, आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

"लिहिलंस?" मावशींनी पेनाचा आवाज ऐकला होता.

"नाव लिहिलं."

"बरं. वहीत लिहिलेलं लांबघरात खरं धरतात, तेवढा उपयोग होईल." त्यांनी शाल परत घडी घालून पिशवीत ठेवली. कडा कडेला लावून, न बघता, अगदी नेमकी. मग त्या उठल्या, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "ही पण नेईन बरोबर. त्यांना दाखवायला काही तरी हवं."

"मी बोलू का तिथे? तुम्हाला जड जाईल."

"नको. बोलायचं ते मी बोलेन. त्या वेळी नाही म्हणाले होते तीच जीभ आहे." त्या दाराकडे वळल्या आणि थांबल्या. "तुझ्याकडे एकच मागणं आहे."

"सांगा ना."

"जुन्या लांबघरात मी डोळे मिटून फिरते. पण समिती आता नव्या ऑफिसात बसते, आणि तिथली वाट माझ्या पायांना माहीत नाही. बुधवारी चार वाजता ये, आणि दारापासून त्यांच्या टेबलापर्यंत तेवढा माझा हात धर."